पहिल्या पावाची खोट

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. हात पिठाचे आहेत, तेव्हा हा नमस्कार लांबूनच घ्या. खरं तर फोन केला असता, पण आमचा फोन दुकानात गल्ल्याशेजारी आणि गल्ल्यावर तुमचे बंधुराज. ज्याच्याबद्दल बोलायचं तोच समोर बसलेला असताना बोलणार काय, कपाळ! म्हणून हे पत्र. पोस्टात मी स्वतः टाकणार आहे.

आमच्या बेकरीतली पद्धत तुम्हाला माहीत आहे. पहाटे भट्टीतून निघालेला पहिला पाव मी फळीवरून उचलते, तुमचा भाऊ तो मोडतो, नाकाशी धरतो, एक घास खातो आणि एक खोट सांगतो. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या पहिल्या पावाला त्याने एका दमात इतकी नावं ठेवली होती की मी पाव काढायची ती लांब दांड्याची फळी त्याच्यावर उगारली होती. तेव्हा तह झाला. रोज एकच खोट. जास्त नाही, आणि कमीही नाही. मग पाव कितीही चांगला होवो, त्याने शोधून काढायचीच. 'मीठ चिमूटभर जास्त.' 'आंबवण्यात घाई केलीस.' 'कवच जाड आहे.' एकदा म्हणाला, 'मळताना रागात होतीस.' आणि वन्सं, मी खरंच रागात होते, त्याच्यावरच! मी उलट बोलायची, तो आणखी बोलायचा, तोवर चहा उकळायचा. आमचा दिवस असा सुरू व्हायचा, इतकी वर्षं.

हिवाळ्यात त्याला तो मोठा ताप आला ना, त्यातून उठल्यापासून हे बंद झालंय. पाव मोडतो, नाकाशी धरतो, खातो आणि म्हणतो, 'छान झालाय.' रोज छान. अहो, छान काय? छान आपण शेजारणीच्या नव्या पडद्यांना म्हणतो. मी मुद्दाम विचारते, 'खोट?' तर म्हणतो, 'काही नाही गं, छान आहे.' पूर्वी मी साबण बदलला तरी मागून येऊन ओळखायचा. आता लांबच्या स्टुलावर बसतो. चहाचा कप हातात दिला की थँक यू म्हणतो. बायकोला थँक यू! बसमध्ये जागा दिल्यासारखं.

भांडण असतं तर मी निभावलं असतं. हे सभ्य वागणं मला झेपत नाही. त्यात एक गोष्ट अजून कोणाला सांगितलेली नाही. दुसऱ्या गावच्या पाककलेच्या शाळेतून मला विचारणा आली आहे, पाव शिकवायला. दोन वर्षांचं काम, राहायला खोली. पूर्वी कोणी विचारलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. आता पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवलंय आणि रोज एकदा काढून वाचते.

सांगा, मी काय करू?

तुमची भावजय


१२ फेब्रुवारी

भावजयबाई,

तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसले. नवरा नावं ठेवत नाही म्हणून तक्रार करणारी बाई मी पहिल्यांदाच बघतेय. इथे माझ्या नवऱ्याला भाजीत मीठ कमी, पंख्याचा आवाज जास्त, आणि माझा तर कायमच जास्त. तुला नको असेल तर तुझा मऊ पडलेला इकडे पाठव, माझा तिकडे घे.

पण नंतर पुन्हा वाचलं आणि हसू थांबलं. तुझ्या त्या शाळेच्या पत्राने थांबलं. घाई करू नकोस. मला वाटतं आजाराने माणूस हळवा झालाय. मरणाच्या दारातून आल्यावर काहींना सगळंच छान वाटायला लागतं. चार दिवस जाऊ देत.

आणि खात्री करायचीच असेल तर माझ्या धंद्यातली युक्ती सांगते. चष्म्याच्या दुकानात उभा जन्म गेला माझा. डोळे तपासायला येणाऱ्यांत दोन-चार जण असे असतातच की ज्यांना दिसत काही नसतं, पण अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात. शेवटची ओळ धडाधडा म्हणून दाखवतात. तुझे भाऊजी तसेच आले होते. ट्रक चालवायचे तेव्हा, परवाना हवा होता. मी निमूट उठले, तक्ता बदलला आणि म्हटलं, 'आता वाचा.' गडी गप्प! मी त्यांना नापास केलं. दुसऱ्या दिवसापासून रोज दुकानात हजर, का, तर चष्म्याची काच पुसून द्या. ती काच मी अजून पुसतेय.

तेव्हा तूही तक्ता बदल. तुझा नवरा 'छान' पाठ करून बसलाय. एक दिवस मुद्दाम अशी मोठी चूक कर की दगडालाही बोलावं लागेल. मग बघ, जुना नाकोबा जागा होतो की नाही. लहानपणी जिन्यात पाय टाकायच्या आधीच आज स्वयंपाकघरात काय शिजतंय ते सांगायचा, म्हणून मी त्याचं हे नाव ठेवलं होतं. तो असा सहजी सुधारणारा नाही.

तुझी नणंद


२० फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं ऐकलं. तक्ता बदलला.

काल पहिल्या पावाचं पीठ वेगळ्या घमेल्यात मळलं आणि त्यात मीठच घातलं नाही. मिठाशिवाय पीठ कसं वेड्यासारखं फुगतं, हाताला चिकटतं आणि भट्टीत रंगच धरत नाही, हे मला माहीत होतं, पण मुद्दाम कधी केलं नव्हतं. पाव निघाला तो फिक्कट. मी आधी कोपरा मोडून चाखला. अळणी, अगदी कागद चघळावा तसा. मनात म्हटलं, आता बोलेल. आता ओरडेल. मी फळी हातातच ठेवली होती, जुन्या दिवसांसारखी उगारायला.

त्याने पाव मोडला, नाकाशी धरला, खाल्ला. सावकाश चावला. पावाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, खूप वेळ. आणि मग म्हणाला, 'छान झालाय.' आणि वर आणखी एक घास घेतला.

वन्सं, मी फळी भिंतीला टेकवली आणि मागे जाऊन भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी पुन्हा घासली. ज्याला माझ्या अळणी पावाचंसुद्धा काही वाटत नाही, त्याच्या घरात मी असले काय आणि नसले काय. माझ्याशी भांडायचीही त्याला आता गरज वाटत नाही. एक शब्द टाकला की बाई गप्प बसते, हे त्याला कळलंय.

शाळेला होकार कळवला. एक एप्रिलपासून जायचं. त्याला संध्याकाळी सांगितलं, तर म्हणाला, 'छान झालं.' तेच, पावाला म्हणतो तेच!

तुमच्यावर राग नाही. युक्ती तुमची होती, पण उत्तर त्याचं होतं.

भावजय


२२ फेब्रुवारी

ताई,

ह्या ओळीच्या पुढे वाचलंस तर तू शब्द दिलास असं धरणार आहे, की हे तिला सांगणार नाहीस. नसेल जमणार तर इथेच पत्र फाडून टाक.

वाचते आहेस, म्हणजे दिलास.

ताई, माझं नाक गेलं. जीभही गेली. तापात गेली. दोघांनाही त्या तापाने सोबत नेलं म्हण. अंथरुणात होतो तेव्हा वाटायचं, आजारी तोंडाला चव नसते, ठीक आहे. मग बरा होऊन पहिल्यांदा खाली बेकरीत आलो. भट्टी तापलेली, पाव निघत होते, ती समोर उभी, गालाला पीठ लागलेलं. आणि वास नाही. कसलाच नाही. बंद पडलेल्या दुकानात आल्यासारखं वाटलं. तिने पाव पुढे केला, मी मोडला, खाल्ला. तोंडात काहीतरी गरम आणि मऊ आहे एवढंच कळलं. ती वाट बघत होती. मी म्हणालो, छान झालाय.

डॉक्टरांकडे जातो, बुधवारी दुपारी, गिरणीत जातो असं सांगून. ते म्हणतात वाट बघा. काहींचं परत येतं, काहींचं नाही येत.

तू म्हणशील, तिला सांग की. ताई, ह्या बेकरीत हात तिचे आणि नाक माझं. तिच्यासारखं मळणं मला ह्या जन्मात जमलं नाही. मी आणलं ते नाक. ते गेल्यावर मी कोण, गल्ल्यावर बसणारा माणूस. तिला कळलं तर ती माझी काळजी घेईल. तशी काळजी घेतलेली मला सोसणार नाही. आणि आणखी एक आहे. तिला एका शाळेत बोलावलंय, शिकवायला. तिने मला सांगायच्या आधीच ते पत्र पिठाच्या डब्यामागे दिसलं होतं. किती वर्षं ह्या चार भिंतींत पहाटे उठतेय ती. माझं कळलं की ती जाणार नाही. मला तिच्या गळ्यातला धोंडा व्हायचं नाही.

तीन दिवसांपूर्वी एक गोष्ट घडली ती मनातून जात नाही. पहिला पाव फिक्कट निघाला. डोळ्यांना दिसत होतं, मीठ कमी पडलंय, कदाचित नाहीच. बाकीच्या पावांचा रंग ठीक होता. म्हणजे एका घमेल्यात राहून गेलं असणार. चावून चावून बघितलं, जीभ काही सांगेना. मीठ नाही म्हणावं आणि ते असलं तर? तिला तेव्हाच कळलं असतं. आणि खरंच विसरली असली तर? ती मीठ विसरणारी नाही, ताई. माझ्या आजारपणात दमली, म्हणून विसरली. तिला कशाला लाजवू? मी म्हणालो, छान. तिचा चेहरा असा उतरला की मला काहीच कळेना.

सगळ्यात वाईट काय ते लिहितो आणि थांबतो. तिला एक वास होता. खमिराचा, साबणाचा आणि तिचा स्वतःचा. गर्दीत डोळे मिटूनही मला कळायचं ती कुठे उभी आहे. आता ती शेजारी येऊन बसते आणि मला ती दूर असल्यासारखी वाटते. म्हणून मीच लांब बसतो. लांब असल्यावर निदान तसं वाटण्याला कारण असतं.

भाऊजींना नमस्कार.

नाकोबा (आता नावापुरता)


१ मार्च

नाकोबा,

पुढे वाचलं. मी वाचणारच हे तुला ठाऊक होतं, लबाडा. लहानपणी 'आधी हो म्हण, मग सांगतो' म्हणून माझी गोष्टीची पुस्तकं अशीच लाटायचास.

आधी रडून घेतलं. तुझे भाऊजी विचारत होते काय झालं, त्यांना सांगितलं कांदा चिरतेय. हातात कांदा नव्हता. ते चष्मा काढून पुसत बसले.

आता ऐक. तुझी बायको मीठ विसरली नव्हती. मीच तिला सांगितलं होतं, मुद्दाम मोठी चूक कर आणि बघ बोलतो का. तुझ्याकडून एक खोट ऐकायला तिने अळणी पाव भाजला! तिचा चेहरा का उतरला ते आता कळलं? तिला वाटतंय तुला तिचं काही राहिलं नाही. तू तिला मोकळं करायला निघालास आणि तिला वाटतंय तू तिला टाकलंस. अरे, ती तुला सोडून जायला निघाली आहे, शाळेला नाही!

काळजी घेतलेली सोसणार नाही म्हणे. मी एका आंधळ्या ट्रक ड्रायव्हरशी संसार केला. तो अजून माझ्याशी वाद घालतो की समोरून येणारी ती बाई नसून विजेचा खांब आहे. काळजी घेतली म्हणून त्याचा रुबाब कमी झाला का?

तिला सांग. आज सांग. जेवायच्या आधी.

ताई


९ मार्च

ताई,

सांगणार होतो. तुझं पत्र खिशात घेऊन वर गेलो होतो.

ती पेटी उघडून बसली होती. कपड्यांच्या घड्या घालत होती आणि गुणगुणत होती. किती दिवसांनी तिला गुणगुणताना ऐकलं. मी दारात उभा राहिलो. तिला मी दिसलो नाही. शब्द तोंडापर्यंत आलेले, तिथेच राहिले.

तू म्हणतेस ती मला सोडून जातेय. असेलही, पण ताई, ती खूश आहे. ते गाणं ऐकलं असतंस तर तूही बोलली नसतीस. मी आता मध्ये येणार नाही. ती तिकडे रुळली की कधीतरी पत्राने कळवेन.

तू दिलेला शब्द विसरू नकोस.

तुझा भाऊ


१२ मार्च

भावजयबाई,

हे पत्र लिहिताना मला माझाच राग येतोय. मला एक गोष्ट माहीत आहे जी तुला माहीत नाही. ती मी सांगू शकत नाही. शब्द दिलाय, किंवा माझ्याकडून काढून घेतलाय म्हण.

एवढंच सांगते. जाण्याआधी त्याच्याशी एकदा बस. पाव कसा झालाय हे विचारू नकोस. तुला काय झालंय, असं विचार. आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नकोस. तो टाळेल. हात धरून बसव.

माझ्यावर एवढा विश्वास ठेव.

वन्सं


१७ मार्च

वन्सं,

कळलं.

मी एवढी भोळी नाही. बुधवारी दुपारी हा गिरणीत जातो म्हणून निघतो. मागच्या आठवड्यात गिरणीवाला दुकानात आला होता, म्हणाला, 'साहेब कित्येक दिवसांत फिरकले नाहीत.' मी हसून वेळ मारून नेली. रात्रभर छताकडे बघत पडले. मनात म्हटलं, छे, हा तसला नाही. आणि आता तुमचं पत्र.

कोण आहे ती? तुम्ही तिला बघितलंय का? तिच्या हातच्या जेवणाला तो खोट काढतो का, तेवढंच सांगा. काढत असेल तर माझं सगळं संपलं. भाऊ तुमचा आहे, तुम्ही त्याचीच बाजू घेणार, त्यात चूक नाही. पण मला हात धरून बसवायला सांगू नका.

शनिवारी शाळेत जाऊन खोली बघून येणार आहे. उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नका.


१९ मार्च

अगं वेडाबाई,

बाई नाही! कोणतीही, कुठलीही बाई नाही! माझा भाऊ एकीलाच कसाबसा निभावतोय.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. शब्द गेला खड्ड्यात. त्याला समोर बसवून तुझ्यादेखत सगळं बोलणार आहे. तोवर पेटीला हात लावू नकोस.

वन्सं


२४ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र आज मिळालं. रविवारी याच, पण शब्द मोडायला नको. तो तुमचा शाबूत राहिला. सांगणारं दुसरंच कोणी निघालं.

शनिवारी खोली बघून दुपारच्या बसने परत आले. खोली चांगली होती, खिडकी मोठी, समोर झाड. कोपऱ्यावर उतरले आणि वास आला. करपल्याचा. साधासुधा नाही, नाकात झोंबणारा, गल्लीभर पसरलेला. न्हावी दुकानाबाहेर येऊन उभा होता, नाकाला रुमाल लावून. म्हणाला, 'ताई, तुमच्याकडे काय जळतंय?' मी धावत सुटले. धूर सगळा धुराड्यातून मागच्या बाजूला जात होता, दुकानात दिसायला काही नव्हतं. पण वास असा की नाक धरावं.

आणि तुमचा भाऊ भट्टीकडे पाठ करून काचेचं कपाट पुसत होता. शांतपणे. माझी चाहूल लागली तसा वळला आणि हसला. म्हणाला, 'आलीस? खोली कशी आहे?'

वन्सं, त्या वासात तो हसत होता. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात भट्टीला घड्याळ लावलं नाही, पाव काढायची वेळ ज्याला नाकानेच कळायची, तो त्या वासात उभा राहून मला खोली कशी आहे विचारत होता. मला एका क्षणात सगळं दिसलं. रोजचं छान. अळणी पाव. लांबचं स्टूल. बुधवारची दुपार. सगळं.

मी आधी भट्टी बंद केली. पाव कोळसा झाले होते. मग त्याच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, 'कधीपासून?' तो म्हणाला, 'काय कधीपासून?' मी म्हटलं, 'गल्ली जळतेय आणि तुला पत्ता नाही. कधीपासून?' तेव्हा त्याने भट्टीकडे बघितलं. मग खिशातून एक छोटंसं गजराचं घड्याळ काढलं, ते बंद पडलं होतं. तापापासून हे घड्याळ खिशात घेऊन हिंडतोय, वन्सं, टिकटिक मला ऐकू येऊ नये म्हणून रुमालात गुंडाळून. आणि मग खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

त्या संध्याकाळी दुकान उघडलं नाही. सगळं बोललो. तुम्हाला लिहिलेलंही त्याने सांगितलं. मी गुणगुणत होते म्हणून खूश आहे असं वाटलं म्हणे! अहो, मी गुणगुणते ते रडू आवरायला. इतक्या वर्षांत त्याला हे कळलं नाही, आणि त्याचं छान मला कळलं नाही. दोघंही सारखेच ढ.

रविवारी पहाटे पहिला पाव काढला. त्याने हात पुढे केला नाही. म्हणाला, 'आता काय उपयोग?' मी पाव त्याच्या कानाशी धरला. भट्टीतून निघालेला पाव निवताना तडतडतो, बारीक बारीक, तुम्ही ऐकलंय का कधी? तो ऐकत राहिला. मग पाव उलटा करून तळाला टिचकी मारली, बोटाने कवच दाबलं, उजेडात धरून मोडला, आतली जाळी बघितली.

म्हणाला, 'आवाज बसका आहे. आत ओल राहिली. घाईने काढलास.'

वन्सं, घाईने काढला होता! मी म्हटलं, 'घाईने? तुझ्या रडण्यापायी रात्रभर झोप नाही, पहाटे उठून मळलं, आणि वर मला घाई म्हणतोस?' तो म्हणाला, 'झोप नाही तर पाव कच्चा काढायचा का?' मी फळी उचलली. चहा उतू गेला. आम्ही कडकडून भांडलो आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

नाक परत आलेलं नाही. येईल की नाही माहीत नाही. तोवर एक नवी पद्धत बसतेय. वास मी सांगायचा, खोट त्याने काढायची. पण वास सांगणं महाकठीण आहे. मी म्हटलं, 'खमंग.' तर म्हणतो, 'खमंग म्हणजे काय? नीट सांग. कडेला आंबूस आहे का? काल होता तसा की वेगळा?' मी डोळे मिटून हुंगते आणि शब्द शोधत बसते. काल रात्री जेवल्यावर लांबच्या स्टुलावरून उठून माझ्याशेजारी येऊन बसला. मग विचारलं, 'आणि तुझा? आज तुझा वास कसा आहे?' ह्याचं उत्तर काही मी तुम्हाला लिहिणार नाही.

शाळेवरून मात्र भांडण चालू आहे. मी म्हणते जाणार नाही, तो म्हणतो जायलाच हवं. दोन दिवस जा, पाच दिवस इथे, असं त्याचं म्हणणं. गल्ल्यावर बसून फर्मानं सोडतोय. रविवारी तुम्ही निवाडा करा, पण माझ्या बाजूने करा.

हे पत्र त्याला वाचायला देणार आहे. आता लपवायचं काही नाही. खोट काढायची असेल तर खाली जागा सोडली आहे.

तुमची भावजय


ताई,

वाचलं. पत्र चांगलं आहे. अक्षर तिरकं, पण ते नेहमीचंच.

आजची खोट सांगतो, एकच. तिने लिहिलंय की तिने आधी भट्टी बंद केली. खोटं आहे. ती धावत आली ती थेट माझ्याकडे. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बघत राहिली. मागे पाव जळत होते, तिला वास येत होता, मला येत नव्हता. ती हलली नाही. भट्टी नंतर मी बंद केली.

नाकोबा